ओवीला जागा कोठे?

संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी ज्या हलक्या चिन्हभाषा निघाल्या, त्यांत जॉन ग्रूबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्कडाउनचा प्रसार फार मोठा झाला. चिन्हांचा पसारा नाही, कच्चा मजकूरही सुखाने वाचता येतो, हा तिचा गुण आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु लेखकांसाठी म्हणून जन्मलेल्या भाषेने पद्याला घरात जागाच ठेवू नये, याला आमचा विरोध आहे.

वस्तुस्थिती पाहा. अवतरणासाठी या भाषेत निराळा खंड आहे. ओळीच्या आरंभी बाणाचे टोक घातले की झाले. आज्ञावलीसाठीही खंड आहे. चार मोकळ्या जागा सोडल्या की तो सिद्ध होतो. पद्यासाठी मात्र काहीच नाही. अभंगाचे चार चरण चार ओळींत लिहावेत, तर ते एकापुढे एक जोडले जाऊन सरळ गद्य होते. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची ती मांडणी, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे ते यमक, सारे डोळ्यांआड होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडा, असा तोडगा सांगतात. जे चिन्ह दिसतच नाही, ते राहून गेले हे मुद्रितशोधकाने ओळखावे कसे? छापखान्याच्या रीतीने, वर एक ओळ मोकळी सोडून पद्य आत सरकवावे, तर चार जागा भरताच तुकोबांचा अभंग आज्ञावली ठरतो!

नव्या चिन्हांनी साधेपणा जाईल, असे यावर सांगितले जाते. हा साधेपणा कोणासाठी? आज्ञावलीभोवती तीन चिन्हांचे कुंपण घालण्याची सोय २००४ च्या मूळ नियमांत नव्हती. आज्ञावली लिहिणाऱ्यांना ती हवी होती, म्हणून ती आली आणि २०१४ च्या कॉमनमार्क नियमावलीत स्थिरावली. २०२३ साली गिटहबने टीप, सल्ला, इशारा इत्यादी पाच प्रकारचे खंड आणले, आणि तेही अवतरणाच्याच चिन्हावर बसविले. उतारा कोणता आणि शेरा कोणता यांत घोटाळा असलेली फाईल आपण कचेरीत परत पाठवितो. येथे मात्र तीच सोय म्हणून मिरविते.

पद्याची व्यवस्था अशक्य आहे, असेही नाही. आस्कीडॉकमध्ये पद्याच्याच नावाचा स्वतंत्र खंड आहे. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये ओळीच्या आरंभी उभा दंड घातला की ओळ आपल्या जागी राहते, आणि पॅनडॉकने हाच दंड मार्कडाउनलाही जोडून दाखविला आहे. आपल्या पोथ्यांनी ज्या दंडाने चरण राखले, तोच हा म्हणावयाचा.

बदलीच्या गावी मराठी मंडळाचे जुने अंक संगणकावर चढविणारे कित्येक अधिकारी आमचे वाचक आहेत. त्यांनी पद्य पद्य म्हणूनच नोंदवावे, दंडाची सोय असलेले साधन निवडावे, आणि अदृश्य जागांच्या भरवशावर अभंग सोडू नये. ज्यांनी मागितले त्यांना कुंपण मिळाले. आपण मागितलेच नाही, तर दोष एकट्या ग्रूबर यांना कसा द्यावा?