हरायचे कुणी शिकवायचे?

गेल्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलाने सापशिडीचा पट उधळून दिला, तोही दादीच्या अंगावर. ९८ वरच्या सापाने त्याला गिळले आणि दादी १०० वर पोहोचली, एवढेच कारण. मी ओरडले, तर सासूबाईच म्हणाल्या, "राहू दे गं, मीच दान चुकीचं मोजायला हवं होतं."

दोन वर्षे घरात हेच तर चालले होते! दादी दान चुकवून मोजायच्या, अब्बू कॅरममध्ये राणी घेऊन मुद्दाम कव्हर सोडायचे, मी पकडापकडीत दमल्याचे सोंग करायची. मुलगा खूश, आम्ही खूश.

त्याच आठवड्यात शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत झाली. दुसरीतली एक मुलगी हरली, तशी तिची अम्मी कुंपणाबाहेरून म्हणाली, "टीचर, त्या मुलाने लिंबाला अंगठा लावला होता, दिसलं नाही का?" त्यांना चार शब्द सुनवायला तोंड उघडले, पण घरचा पट आठवला. गप्प बसले.

हजरत पैगंबर (स.) यांची अज्बा नावाची उंटीण शर्यतीत कुणाला हार जायची नाही. एकदा एक खेडूत तरुण उंटावर बसून आला आणि तिच्या पुढे निघून गेला. सहाबांना फार वाईट वाटले. त्यावर पैगंबरांनी (स.) उंटीण दमली होती असे म्हटले नाही, खेडुताला दोषही दिला नाही. जगात जे वर चढते त्याला अल्लाह कधीतरी खाली आणतोच, असे त्यांनी समजावले. हजरत आयशा (र.) यांच्याशी धावण्याच्या शर्यतीत ते एकदा हरले, पुढे कधीतरी जिंकले आणि मागची फिटली असे हसत म्हणाले. हरणे त्यांनी लपवले नाही. आपण मात्र मुलांपुढे लपवतो, किंवा फाशावर, पंचावर ढकलतो. (क्रिकेट बघताना आमच्या घरातले पुरुष पंचाला काय काय बोलतात, ते लिहीत नाही.)

आता दान खरे मोजायचे ठरले आहे. सुरुवात सापशिडीनेच केली, कारण तिथे हरण्यात कुणाचा कमीपणा नसतो, सगळे फाशावर. कॅरम नंतर. मूल रडले तर रडू देते. "काही नाही झालं" म्हणत नाही, कारण त्याच्या दृष्टीने झालेले असते. फक्त दोन गोष्टी सोडत नाही: सोंगट्या हरणाऱ्याने गोळा करायच्या आणि जिंकणाऱ्याला मुसाफा करून मुबारक म्हणायचे. दादी हरल्या तर त्यांनीही. त्यांना हे पहिल्यांदा थोडे जड गेले.

परवा तो बहिणीशी हरला. डोळे भरले, ओठ थरथरले. हात पुढे केला, तोंड मात्र भिंतीकडे. मुबारक ऐकूच आले नाही. मग पाणी प्यायला गेला आणि स्वयंपाकघरातूनच विचारले, "आपा, अजून एक डाव?"