आवडले नाही, असे म्हणण्यापूर्वी

‘आपल्या संग्रहातील सर्वांत आवडती आणि सर्वांत नावडती ध्वनिमुद्रिका कोणती?’ असे एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र मला पन्नास वर्षांपूर्वीचे आमचे सांगलीचे घर आठवते.

माझी सर्वांत आवडती ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस त्यांनी स्वरांतून उभा केला. पहाटेचा अहिरभैरव, मग नटभैरव, आणि पिलू, भूप, देस यांतून दिवस पुढे सरकत अखेर पहाडीवर विसावतो. या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती आपल्या जी. एन. जोशी यांची, हे मराठी रसिकाने अभिमानाने सांगावे. महाविद्यालयात असताना साठवलेल्या पैशांतून मी ती घेतली आणि मोठ्या हौसेने वडिलांना ऐकवली.

त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘संतूरवर नुसते आघात. मींड नाही. मींडेवाचून राग चालतो, पण बोलत नाही.’ गिटारविषयी तर ते काही बोललेच नाहीत. त्या मौनाने मी अधिक दुखावलो. रागाच्या भरात त्यांच्या बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांकडे बोट दाखवून म्हणालो, ‘आणि ही खरखर तुम्हाला संगीत वाटते?’

त्यानंतर आम्ही दोघांनी एकत्र बसून काही ऐकले नाही. यंत्र एकच होते. दुपारी दुकानातून आल्यावर ते वेगाची कळ 78 वर नेत, रात्री मी ती 33 वर आणी. एकाच यंत्राभोवती आम्ही दोन निराळ्या वेळा वाटून घेतल्या होत्या.

वडील गेल्यानंतर काही वर्षांनी कुमार गंधर्वांचे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे ध्वनिमुद्रण माझ्या ऐकण्यात आले. त्यात नक्कल नव्हती. आवाज कुमारांचा, श्वासही त्यांचाच. परंतु शब्दाला हळुवार उचलून स्वरावर ठेवण्याची एक रीत त्यांनी उलगडून दाखवली होती. ते ऐकून मी वडिलांच्या तबकड्या प्रथमच मन लावून ऐकल्या. तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. नाटकगृहात ‘वन्समोअर’ घेत घेत फुलणारे पद त्या तीन मिनिटांत कोंबलेले होते. मला ऐकू येत होती ती कोंबलेली तीन मिनिटे. वडिलांनी मात्र लहानपणी ‘स्वयंवर’ आणि ‘मानापमान’ रंगभूमीवर पाहिले होते. तबकडी सुरू झाली की राहिलेली सारी रात्र ते स्मरणातून पुरवीत असत. मी ज्याला खरखर म्हटले, तिच्या पलीकडे त्यांना भरलेले नाटकगृह दिसत होते.

त्यांची मींडेची तक्रारही खोटी नव्हती. आजही अहिरभैरवातील संतूर ऐकताना दोन स्वरांमधली ती रिकामी जागा मला जाणवते. फक्त मला ती जागा प्रिय आहे. बासरी आणि गिटार ती भरून काढतात तेव्हा अधिकच प्रिय. हे त्यांना सांगण्याची संधी मात्र मी माझ्या हाताने घालवली.

याचा अर्थ मला आता सारेच आवडते असा नाही. जुन्या गीतांवर नवा ठेका चढवलेली संकलने मला सोसत नाहीत. चित्रपटगीतांच्या चालींवर बसवलेल्या भक्तिगीतांच्या ध्वनिफिती मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून ऐकू आल्या की मन खट्टू होते. कारण चाल आपल्याबरोबर पडद्यावरील दृश्यही घेऊन येते आणि स्तवनाचे शब्द त्या दृश्यामागे दडून जातात. माझे हे मत ठाम आहे. तरीही परवा शेजारची लहान मुलगी तसेच एक गीत तल्लीन होऊन गात होती. तिने तो चित्रपट पाहिलेलाच नाही. तिच्यापुरती ती चाल कोरी आहे. मी तिला थांबवले नाही.

म्हणून भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे : एकेकाळी मला सर्वांत नावडत्या असलेल्या तबकड्या आज माझ्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर आहेत. ‘हे वाईट आहे’ आणि ‘हे मला आवडत नाही’ ही दोन वाक्ये आपण फार सहज एकमेकांच्या जागी वापरतो. पहिले उच्चारले की समोरच्याचे बोलणे खुंटते. दुसऱ्यानंतर निदान ‘का?’ असे विचारता येते. वाचकहो, आपल्या घरातील एखादे वडीलधारे माणूस आज जुने काही ऐकत बसले असेल, तर या लेखाचा उरलेला विचार राहू द्या. त्यांच्याशेजारी जाऊन बसा, आणि त्यांना त्यात काय ऐकू येते ते विचारा.