‘गॅस गेला’ : एका निदानाची भाषा

मे महिन्यात नागपुरात घरचा फ्रीज बिघडला, की त्याचे निदान बहुधा एकाच वाक्यात होते : ‘गॅस गेला.’ शेजारी तेच सांगतात, ओळखीचा दुकानदार तेच सांगतो, आणि कधी कधी यंत्र न उघडताच दुरुस्तीला आलेला कारागीरही तेच सांगतो. हे वाक्य मान्य करणे घरच्यांना बरेच महागात पडते. ते इतके सहज खपते याला यंत्राविषयीच्या अज्ञानाइतकीच आपल्या भाषेतील एक उणीवही कारणीभूत आहे, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी मराठी शिकवणाऱ्यांवरही येते, असे आम्हांला वाटते.

आधी यंत्राकडे पाहू. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये पंखा नसे. वरचा बर्फाचा कप्पा गार होई आणि जड झालेली थंड हवा आपोआप खाली उतरे. बर्फ फार साचला की बटण दाबून तो वितळवायचा, एवढेच घरच्यांचे काम. ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीजची रचना निराळी आहे. त्यात थंड नळ्यांचे जाळे, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील कॉइल, फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड दडलेले असते. तेथली थंड हवा फ्रीजरमध्ये आणि एका झरोक्यातून खालच्या कप्प्यात पोचवण्याचे काम एक लहानसा पंखा करतो. हा पंखा थांबला, की वर बर्फ काही काळ टिकून राहतो आणि खाली मात्र दूध नासते, कोथिंबीर मान टाकते.

हे लक्षण नीट वाचले तर ‘गॅस गेला’ हे निदान लगेच संशयास्पद ठरते. ‘गॅस’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्वयंपाकाचे सिलिंडर येते, जे वापरले की रिकामे होते. फ्रीजमधला वायू बंद नळ्यांतून अखंड फिरत असतो. तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरणे व्यर्थ आहे. शिवाय गॅस कमी असताना कॉइलचा थोडासाच भाग गोठतो. सगळे कॉइल पांढरेशुभ्र झाले असेल, तर गॅस जागेवर असल्याची ती साक्षच समजावी. म्हणजे दिशाभूल येथे एका शब्दानेच केलेली असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मग तपासायचे काय आणि कोणत्या क्रमाने? कित्येक फ्रीजमध्ये दार उघडताच पंखा थांबतो. म्हणून दाराचे बटण हाताने दाबून धरावे आणि कान द्यावा. बर्फ वितळवण्याच्या वेळी पंखा बंदच असतो, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा ऐकावे. घरघर येत असेल तर पाती बर्फाला घासत असण्याचा संभव मोठा. अशा वेळी प्लग काढून, फ्रीज रिकामा करून, दारे उघडी ठेवून सगळा बर्फ आपोआप वितळू द्यावा. त्याला रात्रभरही लागू शकेल. सुरी किंवा पेचकस मुळीच लावू नये. कॉइलला भोक पडले तर गॅस खरोखरच जाईल, आणि आजच्या अनेक फ्रीजमध्ये तो ज्वालाग्राही आयसोब्युटेन असतो.

बर्फ गेल्यावर पंखा चालू झाला, पण काही दिवसांनी तीच घरघर परतली, तर दोष पंख्याचा नव्हे. बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा टायमर किंवा सेन्सर, पाणी वाहून नेणारे तुंबलेले छिद्र, दाराचे सैल रबर, यांपैकी एक गुन्हेगार असतो. बर्फ नसताना, कॉम्प्रेसर चालू असूनही पंखा हलत नसेल, तरच मोटर, वायर किंवा पीसीबी यांच्याकडे वळायचे. आणि ते काम जाणकाराचे.

नागपूरकरांना याचे महत्त्व अधिक आहे. उष्ण कटिबंधासाठीच्या फ्रीजचा ‘टी’ वर्ग भोवतालचे तापमान ४३ अंश सेल्सिअसपर्यंत गृहीत धरतो, आणि येथला उन्हाळा ४५ अंशांची रेषा अनेकदा ओलांडतो. त्या दिवसांत चुकीच्या निदानात गेलेले दोन दिवस घराला जड जातात.

आता भाषेकडे येऊ. गांधीबागेच्या ठोक बाजारात हिंदी, मारवाडी आणि नागपुरी बोली एकमेकींत मिसळतात. ‘पंखा जाम झाला’, ‘हीटर उडाला’ ही कारागिरांची भाषा जिवंत आणि नेमकी आहे. दुसऱ्या टोकाला ‘शीतकपाट’सारखे घडवलेले शब्द आहेत, जे कोणाच्या तोंडी बसले नाहीत. या दोहोंच्या मध्ये जे गद्य हवे, म्हणजे लक्षणापासून कारणापर्यंत पायरीपायरीने नेणारे साधे मराठी गद्य, तेच दुर्मीळ आहे. मोबाइलवर चित्रफिती आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण चित्रफीत बहुधा एका माणसाने एका यंत्रावर काय केले ते दाखवते. ‘असे असेल तर हे, नसेल तर ते’ ही विचाराची साखळी वाक्यांतच धरता येते.

हे साहित्याचे क्षेत्र नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या गद्याचा इतिहास आठवावा. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढले ते पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल मराठीत सांगण्यासाठी. १८५० मध्ये निघालेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारका’चा हेतूही तोच. आधुनिक मराठी गद्याची घडण अशा लेखनातूनही झाली. आज आपण ‘उपयोजित मराठी’च्या तासाला अर्ज, जाहिरात, वृत्तलेखन शिकवतो; यंत्राचे वर्णन आणि दोषाचे निदान यांना त्यात क्वचितच जागा मिळते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत घरगुती उपकरणेही होती. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळावी हा त्यामागील विचार. परंतु माहिती त्याच्या भाषेत नसेल तर तो हक्क कागदावरच राहील. म्हणून एक सूचना. पुढल्या सत्रात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एखाद्या कारागिराबरोबर एक दिवस घालवायला सांगावे, त्याचेच शब्द घेऊन एका बिघाडाचे निदान दोन पानांत लिहायला लावावे, आणि ते त्या कारागिराकडूनच तपासून घ्यावे. गुणही त्यानेच द्यावेत.