‘तिच्या’ वासाचा बॉडीगार्ड

जाहिरातीतला हीरो डिओ मारतो आणि अख्खी गल्ली त्याच्या मागे लागते. आपण मारला की लिफ्टमधली मुलगी शिंकते! वासाचा खरा फंडा कळलाय तो रेशमाच्या पतंगाला.

हा गडी प्रौढपणी काही खात नाही, त्याला धड उडताही येत नाही. आयुष्यात कामं दोनच : मादी शोधणं आणि मरणं. मादी सोडते ‘बॉम्बिकॉल’. हे रसायन ओळखायला अडॉल्फ बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाला जवळपास वीस वर्षं आणि सुमारे पाच लाख माद्या लागल्या. नाव जाहीर झालं १९५९मध्ये. याचा एक रेणू पोचला तरी नराच्या मज्जापेशीत सिग्नल उमटू शकतो.

पण पोचायचं कसं? नराच्या पिसासारख्या मिशांवर पोकळ केस असतात. केसांना बारीक छिद्रं आणि आत पाणीदार द्रव. बॉम्बिकॉल तेलकट. तेल पाण्यात मिसळत नाही, हे आमटीवरची तर्री बघूनही कळतं.

इथे एन्ट्री होते बॉडीगार्डची. तो म्हणजे गंध पकडणारं प्रथिन. १९८१मध्ये ते पहिल्यांदा सापडलं एका अमेरिकन पतंगात. रेशमाच्या पतंगातल्या या प्रथिनाचा नकाशा २००० साली मिळाला आणि आत चक्क एक बंद खोली दिसली. खोलीत बॉम्बिकॉल आरामात बसलेलं. मज्जापेशीजवळ आम्लता वाढते, प्रथिनाची शेपटी गुंडाळते आणि त्याच खोलीत घुसते. लोकलमध्ये चौथ्या सीटवरचा सरकत सरकत पहिल्याला उठवतो ना, सेम तसंच! बॉम्बिकॉल बाहेर, थेट पेशीच्या दारात.

हा बॉडीगार्ड तसा फार चोखंदळ नाही. दोनच हायड्रोजन कमी असलेला ‘बॉम्बिकॅल’ नावाचा भाऊही त्याला चालतो. खरी पारख होते ती दारातल्या ग्राहीकडे. बॉम्बिकॉलचा ग्राही २००४मध्ये सापडला.

तुम्ही म्हणाल, पतंगाच्या लव्हस्टोरीशी आपला काय संबंध? विदर्भातल्या कापूस उत्पादकाला विचारा. गुलाबी बोंडअळी बीटी कापसालाही पुरून उरली आहे. ती एकदा बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, औषध आत पोचतच नाही. तिला गाठायचं तर पतंग असतानाच. म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. आतल्या ल्यूरमध्ये मादीच्या गंधाची हुबेहूब नक्कल असते : दोन जुळी रसायनं, साधारण निम्मी निम्मी. हे प्रमाण बिघडलं तर नर फिरकत नाहीत. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की शेतकऱ्याने समजायचं, आता उपाय करायलाच हवा.

आणि ते आठही जण, बरं का, डेटवर निघालेले असतात.