पुढे काय?



मागच्या महिन्यात लेकीला शाळेत ‘माझा आवडता खेळाडू’ यावर चार ओळी बोलायच्या होत्या. तिनं आपल्या हैदराबादच्या पी. व्ही. सिंधूला निवडलं. “बाबा, पी. व्ही. म्हणजे काय?” मी म्हटलं, पुसर्ला वेंकट. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी येतं आणि बहुतेकदा आद्याक्षरातच राहतं. हे सांगताना मला २०१६ चा ऑगस्ट आठवला.

१९ ऑगस्टला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सिंधू कॅरोलिना मरीनशी खेळली आणि ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. आपण सगळे टीव्हीला चिकटून होतो. त्याच दिवसांत गूगलवर तिचं नाव टाइप केलं की पुढे ‘कास्ट’ हा शब्द आपोआप सुचवला जात होता. आंध्र आणि तेलंगणातून हा शोध खूप झाल्याच्या बातम्या आल्या. २०१८ मध्ये हिमा दासनं फिनलंडमध्ये ४०० मीटर शर्यतीत सुवर्ण जिंकलं, तेव्हाही तोच प्रकार.

माझं रोजचं काम आकड्यांशी, म्हणून एक खुलासा करतो. गूगल ट्रेंड्सचा आलेख ० ते १०० असा असतो. १०० म्हणजे शंभर टक्के लोक नव्हेत. निवडलेल्या काळात तो शोध प्रमाणानं सर्वांत जास्त केव्हा झाला, एवढंच तो सांगतो. माणसं किती, हे त्यातून कळत नाही. कुणी अभिमानानं शोधलं, कुणी आकसानं आणि कुणी बातमी वाचून नुसतं कुतूहलानं, हेही कळत नाही. तेव्हा एका आलेखावरून साऱ्या देशाला नावं ठेवू नयेत. पण चारचौघांत विचारायला जीभ रेटत नाही ते आपण तिथे बिनधास्त विचारतो, हे मात्र खरं.

‘छे, आपण नाही असलं काही शोधत,’ असं मीही म्हणायचो. मग गेल्या गणपतीतला प्रसंग आठवला. मंडळात एक नवे गृहस्थ आले होते. त्यांनी नुसतं नाव सांगितलं. मी सवयीनं विचारलं, “पुढे?” ते क्षणभर थांबले, मग आडनाव सांगितलं. मी लगेच, “मूळचे कुठले?” माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यांचं ते थांबणं माझ्या लक्षात राहिलं. आरतीनंतर प्रसादाला ते थांबले नाहीत, आणि पुन्हा कार्यक्रमाला दिसलेही नाहीत. कारण कदाचित वेगळंही असेल. पण तेव्हापासून रुखरुख आहे.

आपल्याकडे आडनाव शेवटी येतं, ठळक येतं. म्हणून आपल्याला गूगलची गरज पडत नाही, आपलं ‘पुढे?’ तेच काम करतं, आणि त्याचा आलेख कुठे निघत नाही. परमुलखात राहून आपलं माणूस भेटल्याचा आनंद त्या प्रश्नात असतो, हे मान्य. पण ‘आपलं’ म्हणजे मराठी की त्याहून बारीक काही, हे ज्याचं त्यानं मनाशी तपासावं.

लेकीनं चार ओळी छान म्हटल्या. सिंधूचे आईवडील दोघंही व्हॉलीबॉलपटू, हे तिनं आवर्जून सांगितलं. घराण्याची एवढी माहिती तिला पुरली.

त्या गृहस्थांना यंदा मी स्वतः बोलावणं करणार आहे. ते आले, तर विचारणार आहे, “नाटकात काम कराल का?”