जबडा जुळला, मन नाही

जबड्याची शस्त्रक्रिया पार पडली, दात दातांवर बसले, तरी आरशासमोर मन खट्टूच. खालचा ओठ बधिर. चहाचा थेंब हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही. त्यात घरचे म्हणतात, ‘छान दिसतंय की!’

निकाल लावायची घाई नको. सूज पूर्ण उतरायला ६ ते १२ महिने लागू शकतात. जबड्यातली नस दुखावली असेल, तर संवेदना हळूहळू परततात. काहींच्या पूर्ण परततही नाहीत. चावताना दात पुन्हा सरकल्यासारखे वाटले, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा. आधीचे-नंतरचे एक्स-रे समोर ठेवून प्रश्न विचारा, दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, गरज वाटली तर समुपदेशकाचीही मदत घ्या. नाराजी बोलून दाखवणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.