सायकलीचा दिवा व मुख्य बॅटरी

मुलास विजेची सायकल घेऊन देणारे पालक आम्हांस विचारतात, "मास्तर, दिवा मुख्य बॅटरीवरच लावला तर सायकल वाटेंत बंद नाहीं ना पडणार?" ही भीति आमच्या मतें अनाठायीं आहे. विद्यार्थ्यांनीं स्वतः हिशेब करून पाहावा. ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. एलईडीचा दिवा ५ वॅटचा धरला, तर तासभरांत त्याचा सत्तरावा हिस्साहि खर्च होत नाहीं. जामसरकडील एखाद्या चढावर २५० वॅटची मोटर तेवढी वीज सव्वा मिनिटांत संपविते! उलट, निराळ्या सेलवरील दिव्याचे सेल उतरले आहेत हें अंधार पडल्यावरच कळतें.

मात्र ६ व्होल्टचा दिवा बॅटरीस सरळ जोडूं नये. पूर्ण भरलेली ही बॅटरी ४२ व्होल्ट देते. दिवा जळून जाईल. मध्यें व्होल्ट उतरविणारा कन्व्हर्टर व फ्यूज हवाच, आणि आपल्याकडील पाऊस पाहतां तो नीट झांकलेला हवा.

एक आक्षेप मात्र खरा आहे. बॅटरी संपली कीं मोटरीबरोबर दिवाहि जातो. धुक्यांत, जव्हारच्या एखाद्या वळणावर, मोटर थांबल्यास मुलगा पायडल मारीत घरीं येईल. पण समोरच्या जीपवाल्यास तो दिसावयास नको काय? जर्मनींत यासाठीं नियमच आहे: बॅटरी उतरून मोटर थांबली, तरी दिव्यास निदान दोन तास वीज मिळाली पाहिजे. पालकांनीं दुकानदारास किंमत विचारण्यापूर्वीं हें विचारावें.